पदर, सावली, घर

कऱ्हाटीच्या स्वरूपा लोणकरला उन्हाचे भय नव्हते. त्या गावात वाढलेल्याला ते परवडतही नाही. तिला भय होते मोबाइलवर उमटणाऱ्या अंशांच्या आकड्याचे, आणि या भयाला एक ठरावीक दिवस कारण होता.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिची आई रंगूबाई काटेवाडीकडे एका बागायतदाराच्या उसात खुरपायला गेली होती. आदल्या दिवशी आकडा बेचाळिसावर होता, म्हणून बायकांनी दुपारी खुरपी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ढग आले, आकडा अडतिसावर उतरला, आणि आज बरे आहे असे म्हणत सगळ्याजणी उन्हे कलेपर्यंत सरीत राहिल्या. उसाला नुकतेच पाणी दिलेले, पाला छातीला लागणारा, वारा कुठूनच नाही. रंगूबाई घोटभर पाणी पिऊन सरीत टेकली आणि तशीच राहिली. तिच्या मुठीतले खुरपे सोडवायला दोघींना जोर लावावा लागला. त्या दोघींतली एक स्वरूपा होती.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण हृदयविकाराचे आहे. उष्म्याचा उल्लेख नाही, शवविच्छेदनही झाले नव्हते. रंगूबाई उष्म्यानेच गेली असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा त्यामुळे उरलेला नाही. स्वरूपाही तसे म्हणत नसे. तिचे म्हणणे एवढेच होते, "बेचाळीसला जगली आन् अडतीसला गेली. मंग त्या आकड्याचा मला काय उपेग?"

पुढे ती स्वतः बायकांची टोळी घेऊन कामाला जाऊ लागली. रोज पहाटे लखनचा पिकअप कऱ्हाटीतून निघे आणि बायकांना पणदऱ्यात बागायतदार राजवर्धनच्या पॉलीहाऊसवर सोडी. ढोबळी मिरची तोडायची, शेंडे दोऱ्याला बांधायचे, क्रेट भरायचे. प्लॅस्टिकच्या छताखाली ऊन अंगावर येत नसे, पण हवा अंगाला चिकटून राही. स्वरूपा भाकरीच्या वेळी प्रत्येकीच्या मानेला मागून हात लावून ती तापली आहे का ते पाही.

"बाजारात म्हस चाचपल्यागत चाचपती ही," टोळीतली सगळ्यात थोरली ठमाबाई म्हणायची. "दात बी बघ की माजं."

"तुमचं हायत किती ते सांगा आदी, काकी."

बायका हसत. स्वरूपाही हसे, पण तिचा हात पुढच्या मानेकडे गेलेला असे.

पट्टीची कल्पना तिला सुचली ती राजवर्धनच्या गोठ्यात. गोठ्यात संकरित गाई होत्या आणि छताला बारीक तुषार सोडणारे फॉगर लावलेले होते. खांबावर दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले. एकाचे टोक उघडे, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या फडक्याची वात. गाई तपासायला आलेल्या डॉक्टरांना स्वरूपाने विचारले, हे ओले फडके कशाला?

"फडकं वाळताना काच गार करतं," डॉक्टर म्हणाले. "हवा दमट असली की ते वाळत नाही, काच गार होत नाही. घामाचं तसंच आहे. घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. नुसता उन्हाचा आकडा बघून गाईचे हाल कळत नाहीत, म्हणून ही दुसरी काच."

स्वरूपाला उसातली ती सरी दिसली. पाणी दिलेली जमीन, न हलणारा पाला.

"बायांसाठी हाय का असली पट्टी, डॉक्टरसाहेब?"

"माणसांसाठी मोजमापं आहेत. पण त्यांचे आकडे तुमच्या टोळीला काय सांगणार? काच ही घ्या. खुणा तुमच्या तुम्ही करा."

त्यांनी आपल्याजवळची एक जुनी काच तिला दिली. लखनने ती सागाच्या फळीवर ठोकून दिली, आणि स्वरूपाने टोकाला धोतराच्या फडक्याची वात बांधून ती पाण्याच्या बाटलीत सोडली.

अंशांचे आकडे तिने पांढऱ्या रंगाने पुसून टाकले. त्या जागी काय लिहायचे यावर टोळीचा बरेच दिवस काथ्याकूट चालला. स्वरूपाचा हट्ट होता की पट्टीने हवेचे काही सांगू नये, अंगाला काय हवे ते सांगावे. हिवाळ्यात सुरुवात झाली. पहाटे पिकअपमध्ये ती फळी मांडीवर घेऊन विचारी, "आत्ता अंगाला काय पायजे?" उत्तर येई, गोधडी. काचेतली रेघ जिथे असे तिथे खूण व्हायची. पुढे चादर. मग मोकळं, म्हणजे अंगावर काही नसले तरी चालेल अशी हवा. उन्हाळा लागल्यावर पदर. घाम पुसायला पदर सारखा हातात राहतो ती जागा. त्याच्यावर सावली, इथे काम सोडून बाहेर झाडाखाली बसायचे, पाणी प्यायचे. आणि सगळ्यात वर घर. रेघ तिथे पोचली की त्या दिवसाचे काम संपले.

उन्हाळ्यात विचारण्याची जागा बांधावरची होती, आणि वेळ भाकरीची. सगळ्या गोल बसलेल्या असत. स्वरूपा फळी उभी धरी. ठमाबाई घास गिळून सांगे, आणि मग बाकीच्या माना डोलावत. ठमाबाईची सून वृषाली लग्नातली लाल नेलपॉलिश घेऊन येई आणि सांगितलेल्या जागी बारीक रेघ ओढी. तिचा हात स्थिर होता, म्हणून ते काम तिच्याकडे.

"ह्येला ऊन म्हनत्यात व्हय?" घरची खूण करायच्या दिवशी ठमाबाई म्हणाली होती. "आमी दुष्काळात खडी फोडली. आजून वर चडू द्या. घर म्हनायला मी काय मेले का?"

रेघ आणखी चढू दिली गेली. मग ठमाबाई म्हणाली, "हं, आता व्हय." वृषालीने ब्रश टेकवला.

पट्टीचा बोलबाला झाला. राजवर्धननेही तिला विरोध केला नाही. बायका कधी थांबणार हे आधी कळले तर पिकअप, क्रेट, वजन सगळेच सोयीचे होते. त्याच्या नात्यातल्या एकाची इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग होती. तिथल्या टोळीची मुकादम राजलक्ष्मी मुद्दाम येऊन गेली आणि खुणांची मापे दोऱ्याने घेऊन तशाच काचेची फळी करवून घेऊन गेली. स्वरूपाची धास्ती त्या दिवसांत ओसरत गेली. मानांना हात लावण्याऐवजी ती आता फळीकडे पाही.

मे महिन्यात एका दुपारी वळवाचे आभाळ भरून आले. वाऱ्याने प्लॅस्टिक फाटू नये म्हणून राजवर्धनने पॉलीहाऊसचे बाजूचे पडदे खाली सोडले. पाऊस आला नाही, वाराही पडला. आत मिरचीच्या पानांवर दव धरावे तसे पाणी धरले. मधल्या पाइपाला टांगलेल्या फळीवर रेघ पदराच्या बरीच वर, सावलीच्या बोटभर खाली होती. स्वरूपाने पाहिले आणि ती आपल्या ओळीत परतली.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आले की पलीकडच्या ओळीतून कात्रीचा आवाज येतो आहे, पण क्रेटमध्ये मिरची पडल्याचा आवाज येत नाही.

ती वळून त्या ओळीत गेली. वृषाली उभी होती. तिच्या कात्रीखाली मिरच्या नव्हत्या. ती झाडांचे शेंडे कापत होती. एकामागून एक, नीट, कुठेही घाई नाही. कापलेले कोवळे शेंडे तिच्या पायाशी पडले होते आणि मागे सगळी ओळ बोडकी झाली होती. पाच महिन्यांच्या पोटावर तिने एक हात ठेवला होता.

"वृषाले."

"आई, चूल इजवू का?" वृषाली म्हणाली.

तिची आई कऱ्हाटीत नव्हती, तिकडे फलटणकडे होती. स्वरूपाने तिच्या मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. त्याच क्षणी वृषालीचे गुडघे मोडले.

पुढचे सगळे आरडाओरड्याशिवाय झाले. चौघींनी तिला उचलून गोठ्यात नेले, कारण पाणी आणि वारा तिथेच होता. राजवर्धनने स्वतः गाई बाजूला लोटल्या, फॉगर सोडले, पंखा तिच्याकडे वळवला.

"गाडीत घालू," ठमाबाई म्हणत होती, "आदी गाडीत घाला पोरीला."

"आदी पानी, मावशी. गाडी मागनं," राजवर्धन म्हणाला आणि गाई धुवायच्या नळीने वृषालीच्या डोक्यावर, काखेत, मांड्यांवर पाणी मारत राहिला. लखनने दुधासाठी ठेवलेला बर्फ फडक्यात बांधून आणला. स्वरूपा तिचे डोके मांडीवर धरून बसली होती. तिचे लक्ष वृषालीच्या मुठीकडे होते. मुठीत कात्री होती. ती सोडवायला स्वरूपाचे हात उठेनात.

शेवटी वृषालीनेच बोटे सैल केली. मग तिला पिकअपमध्ये ओल्या पोत्यांवर निजवून बारामतीला नेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाईचा ताप उतरतो आहे, बाळाचे ठोके आहेत, पण पुढचे दोन दिवस काही सांगता येणार नाही. स्वरूपा व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. शेजारी ठमाबाई. आतून नर्स बाहेर आली की दोघींची मान एकदमच वर होई आणि नर्स दुसऱ्याच कोणाचे नाव पुकारी.

स्वरूपाच्या मनात तोवर एकच शंका होती, की काच बिघडली असावी. तसे असते तर तिला हलके वाटले असते. संध्याकाळी लखनबरोबर पणदऱ्याला जाऊन तिने फळी उतरवली आणि राजवर्धनच्या गोठ्यातल्या ओल्या वातीच्या काचेशेजारी धरून ताडून पाहिली. दोन्ही काचा अगदी सारखे दाखवत होत्या. काच खरी होती. खुणा खोट्या होत्या, आणि त्या कशा खोट्या झाल्या ते तिला उमगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी वृषाली चांगली शुद्धीवर आली. स्वरूपा आत गेली.

"कवापासनं व्हत हुतं तुला?"

वृषालीने दाराकडे पाहिले. दाराबाहेर ठमाबाईचा पाय दिसत होता.

"पदराच्या आदीपासनं," ती हळू आवाजात म्हणाली. "पडले त्याच दिवशी न्हवं, ताई. नेहमीच. पदर म्हनायच्या आदीच मला सावली पायजे आसायची."

"मंग खुना करताना बोलली का न्हाईस? रेघ तर तूच ओढत हुतीस."

"आत्याबाई बोलल्या न्हवत्या."

स्वरूपाला बांधावरच्या त्या सगळ्या दुपारी आठवू लागल्या. ठमाबाई घास गिळते. ठमाबाई बोलते. माना डोलतात. टोळीत तीन सासवा होत्या आणि त्यांच्या सुना होत्या, जावा होत्या, थोरल्या जावेआधी धाकटीने मला सोसत नाही असे म्हणायचे नसते, हे स्वरूपाला कोणी शिकवायची गरज नव्हती. तीही सून होती. तिने विचारले होते, आणि सगळ्यांनी सांगितले होते, असे ती धरून चालली होती. सांगितले होते एकीनेच. उरलेल्यांनी नेहमीप्रमाणे मान राखला होता, आणि त्या राखलेल्या मानाच्या तिने खुणा करून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात तिला इंदापूरची फळी आठवली.

तिने व्हरांड्यात येऊन राजलक्ष्मीला फोन लावला.

"पट्टी कशी हाय?"

"लई ब्येस," राजलक्ष्मी म्हणाली. "आमी तर सावली आल्याबगर थांबतच न्हाय बग. आदी ह्या पोरी सारख्या पानी, सावली, पानी, सावली करायच्या. आता म्या म्हनते, पट्टी बगा आन् मुकाट तोडा."

"राजलक्ष्मी, ती उतरव."

"काय?"

"फळी उतरव. आत्ता. पोरींना भाईर काड. कुनाला चक्कर, वकारी काय हुतंय का ते इचार, आन् एकेकीला येगळं घिऊन इचार."

मग राजलक्ष्मी म्हणाली, "एक हाय. काल वकली हुती. म्हनली, भाजी शिळी हुती."

लखनने त्याच पावली पिकअप इंदापूरकडे काढला. वकलेली पोर बरी होती. डाळिंबाच्या बागेला निदान वारा होता. स्वरूपाने फळी मांडीवर घेतली आणि नखाने, मग खुरप्याच्या टोकाने लाल रेघा खरवडून काढल्या. राजलक्ष्मी कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"मंग आता आमी काय बगायचं?"

"मला बी ठावं न्हाय," स्वरूपा म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य निघाले तेव्हा तिला आईच्या मरणानंतर वाटले नव्हते इतके भय वाटले. तेव्हा खोटा आकडा दुसऱ्याचा होता.

वृषाली आणि बाळ तगले. तिला माहेरी पाठवले. पुढचे काही दिवस स्वरूपाने टोळीला दुपार चढण्याआधीच घरी नेले आणि राजवर्धनची बोलणी ऐकून घेतली.

"अशानं मिरची झाडावरच नासायची, ताई. किती दिवस?"

"खुना हुईस्तवर."

खुणांसाठी टोळी पुन्हा दुपारी ओळीत थांबू लागली, पण या वेळी तिने फळी बांधावर नेलीच नाही. पॉलीहाऊसच्याच एका कोपऱ्यात, पडद्याआड, ती टांगली. प्रत्येक बाईला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडे दिले. काम करताना अंग सावली मागू लागले की एकटीने उठायचे, पडद्याआड जायचे, काचेतली रेघ असेल तिथे दोरा बांधायचा आणि बोलल्याशिवाय परत ओळीत यायचे. अंग घर मागू लागले की पुन्हा तसेच, पण दोऱ्याला दुहेरी गाठ मारून, आणि त्यानंतर मात्र ओळीत न परतता झाडाखाली जायचे. कोणता दोरा कोणाचा हे फक्त स्वरूपाला ठाऊक.

"हागायला जाताना बी एवढं लपून न्हाय जात आमी," एकजण म्हणाली. पण त्या गेल्या.

काही दिवसांनी सगळ्याजणींना बोलावून तिने फळी दाखवली. घराचे दोरे जुन्या लाल खुणेच्या कितीतरी खाली गोळा झाले होते. बरेचसे जुन्या सावलीच्याही खाली. त्या झुपक्यापासून दूर, वर, जुन्या खुणेला चिकटून, एकच हिरवा दोरा होता.

बायकांनी त्या दोऱ्याकडे पाहिले आणि नजरा खाली वळवल्या. ठमाबाई पुढे झाली. तिने तो बोटाने चाचपला.

"ह्यो माजा," ती म्हणाली.

स्वरूपाने मान हलवली.

"मला वाटायचं, ह्या पोरी नाजूक झाल्यात." ती थांबली. "हल्ली च्या बी ऊन लागत न्हाय मला. सून म्हनती तोंड पोळंल, आन् मला कोमटच लागतो."

स्वरूपाने घराची खूण सगळ्यात खालच्या दोऱ्यावर केली. राजवर्धनचे म्हणणे मधल्या दोऱ्यावर करावी असे होते. सरासरी तशीच काढतात.

"मदला धरला तर खालची मरंल," स्वरूपा म्हणाली. "सरासरीला कोन तिरडीवर नेत न्हाय."

काम पहाटे अंधारात सुरू करायचे ठरले.

पुढच्या एप्रिलात वृषाली कामावर परतली. मुलगी आईजवळ ठेवून आली होती. फळी राखायचे काम टोळीने तिला दिले, आणि नियम असा केला की खूण पुकारायची ती राखणारीनेच, मग शेजारी कोणी का असेना. स्वरूपाला या नियमाचा भरवसा वाटत नव्हता. नियम तोंडपाठ होतो, तोंडातून बाहेर पडेलच असे नाही.

तशी वेळ लवकरच आली. सकाळ अजून सरली नव्हती. आभाळ पुन्हा दाटून आलेले, पडदे अर्धे सोडलेले. स्वरूपा आपल्या ओळीतून वृषालीकडे पाहत होती. वृषाली फळीपुढे उभी होती. तिने एकदा रेघेकडे पाहिले, एकदा सासूच्या ओळीकडे. तिने तोंड उघडले. आवाज आला नाही. आपण बोलायचे नाही, असे तिने स्वतःला बजावले होते, आणि ते बजावणे आता तिला वेडेपणाचे वाटत होते.

"आजून खुनंला पोचलं न्हाय," वृषाली म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "दोन बोटं हाय. पन मला सोसंना. घर."

खूण आली नव्हती, आणि राखणारी बोलली होती. अशा वेळी काय करायचे हे ठरवायचेच राहून गेले होते.

"कात्र्या ठेवा," स्वरूपा म्हणाली. "भाईर."

बायका एकेक करून दारातून बाहेर पडल्या. स्वरूपा दारात उभी राहून त्यांची तोंडे न्याहाळत होती. लाल, ओली, दमलेली, पण शुद्धीवर असलेली तोंडे. ठमाबाईचे त्यांत नव्हते.

आतून कात्रीचा आवाज येत होता, आणि क्रेटमध्ये मिरची पडल्याचाही. सावकाश, एकसारखा. घर पुकारलेले तिने ऐकले नव्हते, की ऐकून तिला ते आपल्यासाठी वाटले नव्हते, हे पुढेही कधी कळले नाही. स्वरूपा आत वळणार, एवढ्यात तिच्या खांद्याला घासून वृषाली आत शिरली.

"आत्याबाई, उठा."

"तुमी जावा. येवढी वळ हुंद्या. मला काय बी झालं न्हाय."

"न्हाय झालं म्हनूनच भ्या वाटतंय. उठा म्हनते ना."

कात्रीचा आवाज थांबला. प्लॅस्टिकवरच्या वाफेने आतले काही धड दिसत नव्हते. एक आकृती वाकलेली, दुसरी तिच्या काखेत हात घालून उभी. त्या दोन्ही जागच्या हलेनात. स्वरूपा दाराचा पाइप घट्ट धरून वाट पाहत राहिली.

मग त्या दोघी हलल्या. सून पुढे होती, सासू तिच्या हाताला धरून मागे. उंबऱ्याशी ठमाबाईचा पाय अडखळला आणि स्वरूपाने पुढे होऊन तिच्या मानेला मागून हात लावला. मान कोरडी होती, घामाचा टिपूसही नाही, आणि तापलेली.

"गोठ्यात चला, काकी," ती म्हणाली. "लखन, पानी सोड."